दानगृहे आणि अनाथ बालके : राज्याचे कर्तव्य, समाजाचे कर्तव्य



वस्तीतल्या एखाद्या लेकराचे आईबाप जातात, तेव्हा काय होते? चार दिवस शेजारी भाकरी देतात. पुढे आजी किंवा चुलता सांभाळतो आणि वर्षभरात ते पोर वीटभट्टीवर दिसू लागते. ‘त्याचे नशीब’ म्हणून आपण गप्प बसतो. पण नशीब आणि पूर्वजन्मीचे पाप या कल्पना आपण दीक्षेबरोबर टाकून दिल्या आहेत. मग या लेकराची जबाबदारी कोणाची? इतिहास काय सांगतो ते पाहू.

१. अशोकाचे राज्य

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर ही नेमणूक झाली, असे त्याच्या पाचव्या शिलालेखात आहे. अनाथ व वृद्ध यांचे हित पाहणे हे त्यांचे काम होते. कैद्याच्या मागे लेकरेबाळे असतील, तर त्याचाही विचार त्यांनी करावयाचा होता. बापाच्या गुन्ह्याची शिक्षा लेकराच्या पोटाला होऊ नये, हा त्यातला अर्थ.

प्रयागच्या स्तंभावर अशोकाची दुसरी राणी, तीवराची आई कारुवाकी, हिच्या दानाची नोंद ठेवण्याचा हुकूम आहे. त्यात आमराई व बागेबरोबर दानगृहाचा स्पष्ट उल्लेख येतो. म्हणजे दानगृहाची सरकारदरबारी नोंद होत होती. अशोकाचे लेख आपल्या महाराष्ट्रातही, सोपारा येथे सापडले आहेत.

पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी भिक्खू पाटलिपुत्रात आला. तेथील वैश्य कुटुंबांनी अन्न व औषध देणारी घरे चालविलेली त्याने पाहिली. गरीब, अनाथ, अपंग, रोगी यांना तेथे वैद्य तपासत आणि बरे वाटल्यावर ते आपल्या वाटेने जात.

२. टिकणारे दान

नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने सोपारा, गोवर्धन इत्यादी ठिकाणी वाटसरूंसाठी निवारे बांधले. भिक्खूसंघासाठी त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा १ प्रमाणे व्याज येई. वर्षाचे २४० झाले. त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. मुद्दल कायम, व्याज खर्चाला! आपल्या विहाराच्या दानपेटीलाही हा हिशेब लागू पडतो.

३. जातीच्या दानाकडून हक्काकडे

पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जाई, ती ब्राह्मणांना. त्या दानाची पहिली अट जन्माची होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून ही रीत मोडली. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव अमेरिकेला गेले. एका राज्याने एका गरिबाच्या मुलाला हात दिला, त्याचे फळ आज कोट्यवधी लोक खात आहेत.

पूज्य बाबासाहेबांनी मराठवाड्याकडे पाहिले, तेव्हा निजामी राजवट नुकतीच संपली होती आणि हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. संविधानाच्या ३९ व्या कलमात बालपणाचे शोषणापासून रक्षण करण्याचे धोरण राज्यावर सोपविले आहे. २००२ च्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला.

४. आज आपण काय करावे?

हिंगोली १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. अनाथ किंवा संकटातल्या बालकांसाठी जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. आईबाप दोघे किंवा एक नसलेल्या मुलाला घरीच सांभाळण्यासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करावा. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करावा. मागासवर्गीय मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहे आहेत.

‘सरकारपुढे हात कशाला पसरायचा?’ असे काही माता म्हणतात. माउलींनो, भीक देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काला कायदा असतो, अधिकारी असतो. लेकरासाठी अर्ज करण्यात लाज कसली? लाज वाटावी ती शाळेच्या वयातले पोर भट्टीवर गेल्याची.

पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वस्तीतल्या अशा मुलांची यादी करा. ज्याला कागद लिहिता येतो त्याने अर्ज लिहून द्यावा. तेही दानच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न
१) धम्ममहामात्रांनी कोणाकोणाचे हित पाहावयाचे होते?
२) उषवदाताने मुद्दल का कायम ठेवले?
३) आपल्या वस्तीतील किती मुले शाळेबाहेर आहेत? त्यांची नावे लिहा.

जय भीम!