पडद्यावरील विमान

मुलांनो, सायकल शिकताना तुम्ही पडलात तर गुडघा फुटतो; पण सायकल उचलून तुम्ही पुन्हा तिच्यावर बसता. रेडिओच्या लहरींनी चालणारे छोटे विमान उडवू पाहणाऱ्याला ही सवलत नसते. महिना-दोन महिने खपून तयार केलेले विमान पहिल्याच चुकीला जमिनीवर आदळते आणि त्याच्या काटक्या होतात. म्हणून हल्ली नवशिके प्रथम संगणकाच्या पडद्यावर विमान उडवतात. हातात खऱ्या विमानाचाच रिमोट असतो आणि तो संगणकाला जोडलेला असतो. त्याच्या काड्या हलवल्या की पडद्यावरील विमान चढते, वळते, उतरते. आणि आपटलेच, तर एक बटण दाबताच पुन्हा धडधाकट उभे राहते. या साधनाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये असतात तसे भाते आणि पंप वापरून लिंकने १९२९ साली एक ठेंगणे विमान तयार केले. ते जमीन न सोडता झुके, डुले आणि वळे. प्रथम पुष्कळांनी त्याला करमणुकीचे खेळणेच मानले. पुढे १९३४ साली तेथील लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम येऊन पडले. खराब हवेत त्यांच्यापैकी कित्येक जण प्राणास मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली.

लिंकच्या यंत्रात भाते होते. आजच्या सिम्युलेटरात गणित असते. विमानाचे वजन, पंखांची लांबी-रुंदी, शेपटीचा आकार, तोलाची जागा असे अनेक आकडे संगणकाजवळ असतात. त्यांवरून तो विमानावर पडणारा हवेचा जोर क्षणाक्षणाला मोजतो. कित्येक सिम्युलेटरांत हे आकडे आपल्याला बदलता येतात. खरी गंमत तेथेच आहे, आणि फसगतही तेथेच होते.

माझा पुतण्या सातवीत आहे. त्याने दिवाळीच्या सुटीत फोम व बाल्सा लाकूड यांचे एक विमान बनवले. पंखांचा विस्तार १२० सेंटिमीटर, पंखाची रुंदी २० सेंटिमीटर, वजन बॅटरीसह ९०० ग्रॅम. त्याच मापाचे एक विमान त्याने पडद्यावर महिनाभर उडवले. मग एका सकाळी आम्ही मैदानावर गेलो. हातातून सुटताच विमानाने नाक वर केले, क्षणभर ते हवेत थबकले, आणि दुसऱ्या क्षणी खाली कोसळले. सगळे मिळून चार सेकंदही झाले नसतील.

“काका, पडद्यावर तर ते असे कधीच पडले नाही!” त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

घरी आल्यावर मोडका पंख चिकटवून आम्ही विमान पुन्हा जुळवले. बॅटरी होती त्याच जागी ठेवली आणि पंखांखाली दोन बोटे धरून विमान तोलले. ज्या जागी ते आडवे स्थिर राहिले, ती जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून ८ सेंटिमीटर मागे होती. यालाच गुरुत्वमध्य म्हणतात. कावड खांद्यावर घेणारा माणूस दोन्ही बाजू समतोल राहतील अशी जागा शोधतो, तशीच ही जागा. शिकाऊ विमानात ती साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान असावी लागते. म्हणजे आमच्या विमानात ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर. बाण सरळ का जातो? त्याचे टोक जड आणि पिसे मागे असतात म्हणून. टोक हलके केले तर बाण भेलकांडतो. विमानाचेही तसेच आहे. नाक अति वर गेले की पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते आणि पंखांचा आधार सुटतो.

आता आम्ही पडद्यावरील विमानाचे आकडे उघडले. तेथे गुरुत्वमध्य होता ५.५ सेंटिमीटरवर, आणि वारा शून्य! पुतण्या महिनाभर एक वेगळेच विमान वेगळ्याच आकाशात उडवत होता. त्याने ५.५ च्या जागी ८ लिहिले, ताशी १० किलोमीटर वारा लावला आणि विमान सोडले. त्याने नाक वर केले, ते थबकले आणि कोसळले. सकाळचा अपघात हुबेहूब पडद्यावर उतरला होता. पुतण्या रडवेला होता, तो आनंदाने ओरडला.

त्याचा पहिला उपाय मात्र चुकला. काडी मध्याजवळ थोडी हलली तर शेपटीवरील फळी फारच कमी हलावी, अशी सोय रिमोटमध्ये असते. तिला एक्स्पो म्हणतात. ती त्याने वाढवून पाहिली. हाताला विमान मऊ लागले, पण ते भेलकांडायचे थांबेना. मग तो एकेक सेंटिमीटर पुढे सरकू लागला. ७ वर ते आवरता येऊ लागले, ६ वर शहाण्यासारखे उडाले. ३ वर नाक इतके जड झाले की उतरताना ते वर उचलेना. प्रत्येक वेळी तो एक परीक्षा घेई: इंजिन बंद करून विमान किंचित खाली झुकवायचे आणि काड्या सोडून द्यायच्या. ते झटकन वर उसळले, तर गुरुत्वमध्य फार पुढे आहे. अधिकाधिक खाली झुकत गेले, तर फार मागे. या परीक्षेत पडद्यावरील विमान किती वेळा आपटले, याची मोजदाद आम्ही ठेवली नाही.

राहिले खरे विमान. गुरुत्वमध्य ८ वरून ६ वर, म्हणजे २ सेंटिमीटर पुढे आणायचा होता. बॅटरी १८० ग्रॅमची, म्हणजे एकूण वजनाचा पाचवा हिस्सा. तेव्हा ती पाचपट, १० सेंटिमीटर पुढे सरकवावी लागणार, हे पुतण्यानेच वहीत मांडले. बॅटरी घालायला सोपे जाते म्हणून त्याने ती पंखाच्या मागच्या बाजूस ठेवली होती. आता त्याने नाकात जागा कोरली आणि दोन्ही पंखांखाली ६ सेंटिमीटरवर पेन्सिलीने ठिपके काढले.

पुढच्या रविवारी वारा बेताचा होता. विमान हातातून सुटले, सरळ गेले, डावीकडे वळून आमच्या डोक्यावरून परतले. उतरताना ते गवतात कलंडले आणि पंख्याचे एक पाते मोडले. घरी आल्यावर पुतण्या जेवायच्या आधी संगणकापाशी जाऊन बसला. पडद्यावर आपण उतरताना वेग किती ठेवत होतो, हे त्याला पाहायचे होते.