कासवाची वाट : आज्ञावली-लेखनाचा एक पाठ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत आज्ञावली-लेखनाचा, म्हणजे ज्यास हल्ली सर्वत्र 'कोडिंग' म्हणतात त्या विषयाचा, अंतर्भाव सुचविलेला आहे. तेव्हापासून ग्रामीण शाळांतील शिक्षकांपुढे एक अडचण उभी राहते. शाळेत संगणक एक, तोही वीज असेल तेव्हाच चालणारा. आणि वर्गात मुले चाळीस. मग हा विषय शिकवावयाचा कसा?

अडचण खरी आहे. परंतु यंत्र चालविता येणे व यंत्रास आज्ञा देता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या देशात १९८४-८५ साली 'क्लास' नावाच्या योजनेखाली काही निवडक शाळांस बी.बी.सी. मायक्रो नावाचे संगणक देण्यात आले होते. यंत्रे आली म्हणजे विद्या आपोआप येते असा तेव्हाही पुष्कळांचा समज होता. संपन्न देशांतही निराळे घडले नाही. इंग्लंडमधील शाळांत संगणक मुबलक असूनही मुलांस केवळ तयार साधने वापरण्यापलीकडे फारसे शिकविले जात नाही, असे तेथील रॉयल सोसायटीने २०१२ च्या अहवालात दाखवून दिले. आणि २०१४ पासून तेथे पाच वर्षांच्या मुलापासून आज्ञावली-लेखन अभ्यासक्रमात आले. (लहानपणीच कोडिंग न शिकल्यास मूल मागे पडेल अशा जाहिराती २०२० च्या सुमारास आपल्याकडे पालकांस भिवविण्यासाठी झळकल्या. त्यांचा व या पाठाचा काही संबंध नाही.)

मुलांसाठी आज्ञावलीची भाषा घडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६७ साली अमेरिकेत झाला. सेमूर पॅपर्ट हे गणितज्ञ जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे काम करून आले होते. त्यांनी वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिला एक कासव जोडण्यात आले : प्रथम जमिनीवर चालणारे यांत्रिक कासव, नंतर पडद्यावरचे. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञा द्याव्यात आणि कासवाने चालता चालता रेघ ओढावी. मूल अडले की पॅपर्ट त्यास सांगत, तूच कासव हो आणि चालून पाहा. आमच्या दृष्टीने या कथेतील मोलाचा भाग हाच होय. कारण त्यास यंत्र लागत नाही, अंगण लागते.

पाठाची तयारी अल्प आहे. पुठ्ठ्याची वीतभर रुंदीची गोल तबकडी कापून तिच्यावर घड्याळाप्रमाणे बारा घरे आखावीत. एका मुलास कासव करावे. त्यास दोनच आज्ञा समजतात : 'पुढे इतकी पावले' आणि 'उजवीकडे इतकी घरे'. वळताना तबकडी पायाशी ठेवून बाराचा आकडा नाकासमोर धरावा व सांगितलेल्या आकड्याकडे तोंड करावे. मागून दुसऱ्याने काठीने मातीत रेघ ओढीत यावे. उरलेला वर्ग आज्ञा देतो. 'चौकोन काढ' असे कोणी म्हटल्यास कासवाने जागचे हलू नये. ही आज्ञा त्यास ठाऊकच नाही. कासव झालेल्या मुलास आपली बुद्धी न वापरण्याची सक्त ताकीद द्यावी. हुशार मुलास हे काम फार जड जाते, असा अनुभव येईल.

कवायतीतील 'दाहिने मुड' मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे चौरस लवकर साधतो : पुढे १०, उजवीकडे ३ घरे, पुन्हा तेच, असे चार वेळा. आज्ञा चारदा लिहिण्याऐवजी 'चार वेळा करा' असे एकदाच लिहिले तरी चालेल काय, हे मुलांनाच विचारावे. आज्ञावलीतील पुनरावृत्ती ती हीच.

यानंतर त्रिकोण सांगावा, आणि येथे शिक्षकाने तोंड मिटून बसावे. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे मुलांनी भूमितीत पाठ केलेले असते. एक घर ३० अंशांचे, म्हणून ती 'उजवीकडे २ घरे' अशी आज्ञा देतील. तीन बाजू चालून झाल्या तरी आकृती मिटणार नाही. कासव भलतीकडेच तोंड करून उभे राहील. मुले कासवावर रागावतील. चूक कासवाची की आज्ञेची, हा वाद होऊ द्यावा. कोणी 'चालतच राहा' म्हणाल्यास अवश्य चालू द्यावे. सहाव्या बाजूस कासव निघाल्या जागी परत येते व मातीत सुबक षटकोन उमटतो. त्रिकोणाच्या चुकीतून षटकोन निघालेला पाहून होणारा आनंद फळ्यावर शिकवून देता येत नाही.

कारण आता मुलांसच शोधावयास लावावे. कासव नाकाच्या रेषेत पाहत असते. त्यास वळावे लागते ते आकृतीच्या आतील कोनातून नव्हे, बाहेरील कोनातून. १८० मधून ६० वजा जाता १२० उरतात, म्हणजे ४ घरे. मग फळ्यावर मांडावे : त्रिकोणास ३ वेळा ४, चौरसास ४ वेळा ३, षटकोनास ६ वेळा २. सर्वत्र बाराच. बंद आकृतीभोवती फिरून मूळ दिशेस आलेले कासव पूर्ण एक फेरी वळलेले असते, हे सातवीच्या मुलास येथे पायांनी कळते.

फसलेली आज्ञावली वहीतून खोडू देऊ नये. तिच्याशेजारी सुधारलेली लिहावी व कोठे बिघडले तेथे खूण करावी. या वहीस गुण देण्याचा मोह मी तरी टाळीन. गुण आले की मुले चूक लपवू लागतात.

संगणक उपलब्ध होईल त्या दिवशी हीच वही घेऊन त्यापुढे बसावे. अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेने २००७ साली प्रसृत केलेली 'स्क्रॅच' ही भाषा विनामूल्य असून, एकदा संगणकावर उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालते. तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडावयाचे असतात. रेघ उमटण्यासाठी लेखणीचे ठोकळे निराळे जोडून घ्यावे लागतात, हे आधी करून ठेवावे. नाहीतर अर्धा तास त्यातच जातो. तेथील पाऊल अगदी बारीक असते, म्हणून १० ऐवजी १०० लिहावे. एका संगणकापाशी तिघांस बसवावे : एकाने वाचावे, एकाने ठोकळे जोडावेत, एकाने चूक हेरावी, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. हा बदल शिक्षकाने स्वतः उभे राहून करवावा. माऊस ज्याच्या हाती प्रथम जातो त्याच्याच हाती तो तासभर राहतो, आणि मुली बहुधा मागे उभ्या राहून पाहतात.

पाच बाजूंची आकृती कोणी ना कोणी मागेलच. बारास पाचाने भाग जात नाही, त्यामुळे पुठ्ठ्याची तबकडी तेथे अपुरी पडते. तेव्हा कोनमापक बाहेर काढावे व ७२ अंश मोजावेत.