औषधालयातील संगणकप्रणाली : प्रथम जोडणी कोणती?

बहुतेक वैद्यांच्या टेबलावर आज संगणक आहे, शेजारच्या औषधालयातही आहे. परंतु या दोहोंचा परस्परांशी संबंध नसतो. प्रणाली विकणारा प्रतिनिधी टॅली, एसएमएस, यूपीआय, आभा अशा जोडण्यांची यादी पुढे ठेवतो आणि त्यांतील जी आकर्षक दिसते तिला आपण प्रथम होकार देतो. साम अवस्थेत शोधन देऊ नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथेही आधी पाचन हवे.

नाशिकमधील आमच्या चिकित्सालयात आम्ही प्रथम एसएमएसची जोडणी घेतली. पुनर्तपासणीचा दिवस रुग्णास कळे, रुग्ण येई, आणि औषध मात्र शिल्लक नसे. त्याहून गंभीर प्रकार पुढे ध्यानात आला. आमच्या नोंदींत त्रिभुवनकीर्ती रस चार प्रकारे लिहिलेला होता. एका ज्वररुग्णास एका वैद्याने व दोन दिवसांनी दुसऱ्याने तोच कल्प दिला. नावे भिन्न दिसल्याने काउंटरवरील मदतनिसास ती दोन औषधे वाटली. या कल्पात वत्सनाभ व हिंगुळ आहेत, हे वाचकांस सांगावयास नको. रुग्णाच्या कन्येने दोन्ही पुड्या आणून विचारणा केली म्हणूनच मात्रा दुप्पट झाली नाही.

म्हणून प्रथम जोडणी चिकित्सापत्र व साठा यांची. एका कल्पास एकच संकेतांक द्यावा. पर्यायी नावे, निर्माता, बॅच व मुदत त्याखाली यावीत. अनुसूची ई-१ मधील द्रव्य असलेला कल्प त्याच रुग्णास पुन्हा जाऊ लागल्यास प्रणालीने थांबवून विचारले पाहिजे. मुदतीचे महत्त्वही लहान नाही. नियम १६१-बी अन्वये चूर्णास २ वर्षे, तर आसवारिष्टास १० वर्षे मुदत आहे. दोन्ही एकाच मापाने मोजणारी प्रणाली निरुपयोगी होय. हे काम कंटाळवाणे आहे आणि विक्रेता ते करून देत नाही. आम्हास नावे शुद्ध करण्यासच दोन महिने लागले.

दुसरी जोडणी हिशेबाची. वैद्याचे तपासणीशुल्क जीएसटीमुक्त, औषध मात्र करपात्र. बिलात दोन्ही स्वतंत्र हवीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांच्या प्रणालीत दर प्रत्येक औषधापुढे हाताने भरलेला होता त्यांची तारांबळ उडाली.

आभाची पाळी त्यानंतर. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले; त्यातील आभा क्रमांक १४ अंकी असून तो ऐच्छिक आहे, व नोंदी पाठविण्यास रुग्णाची संमती लागते. मात्र निदानाच्या जागी नुसते ‘ताप’ लिहिलेले असेल तर पाठवावयाचे काय? आयुष मंत्रालयाच्या २०१७ च्या ‘नमस्ते’ संकेतावलीत व्याधींना संकेतांक आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ च्या पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागात आयुर्वेदीय व्याधींचा समावेश झाला. आपल्याकडे वारंवार येणाऱ्या वीस व्याधींचे संकेतांक आताच लावून ठेवावेत. जेथे पंचकर्मासाठी रुग्ण दाखल होतात व विम्याचे दावे असतात, तेथे ही जोडणी हिशेबाच्याही आधी घ्यावी लागेल.

एसएमएस शेवटी. आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एवढे लेखी घ्यावे, की उद्या प्रणाली बदलल्यास आपल्या सर्व नोंदी आपणास एकत्र परत मिळतील.