रस्त्याच्या दोन बाजूंची दोन मंदिरे

शास्त्रवाचन : लेवीय १३:४५-४६; लूक १७:११-१९; इब्री १३:१२-१३.
पाठाचा हेतू : समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाशी मंडळीचे नाते काय असावे, हे एका जुन्या वस्तीच्या इतिहासातून पाहणे.

कँटरबरी हे नाव आपल्या मंडळ्यांतून पुष्कळांनी ऐकलेले असते. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील हे शहर. इ. स. ५९७ मध्ये ऑगस्टीन आपल्या सोबत्यांसह तेथे आला, आणि पुढे तेथील कॅथीड्रल इंग्लंडच्या मंडळीचे मुख्य मंदिर झाले. त्या शहराविषयी लिहिताना बहुतेक लेखक कॅथीड्रलविषयी लिहितात. या पाठात आपण शहराच्या वेशीबाहेर जाणार आहोत. पश्चिमेच्या वेशीतून लंडनच्या जुन्या रस्त्याने सुमारे मैल-दीड मैल गेले की हार्बलडाउन नावाची वस्ती लागते. आता शहर वाढत वाढत तिला येऊन भिडले आहे. पण नऊशे वर्षांपूर्वी ती शहरापासून वेगळी, टेकडीच्या उतारावर होती. आणि ती तेथे वसली त्याला कारण होते.

वस्तीचा आरंभ

१०७० ते १०८९ या काळात लॅनफ्रँक हा कँटरबरीचा आर्चबिशप होता. तो मूळचा इटलीतील पाविया गावचा, कायद्याचा आणि शास्त्राचा मोठा पंडित. आगीत जळालेले कॅथीड्रल त्याने नव्याने उभारले, हे सर्वांस ठाऊक असते. त्याच सुमारास, म्हणजे १०८४ च्या आसपास, त्याने हार्बलडाउनच्या उतारावर कुष्ठरोग्यांसाठी लाकडी घरे बांधली आणि त्यांच्यासाठी संत निकोलस यांच्या नावाचे मंदिर उभे केले. कँटरबरीचा इतिहासकार एडमर हा त्या काळातला. तो लिहितो की, पुरुषांची व स्त्रियांची राहण्याची सोय वेगळी होती, लागणारे सर्व काही लॅनफ्रँक स्वतःच्या उत्पन्नातून पुरवीत असे, आणि रोग्यांच्या सेवेसाठी त्याने अशी माणसे निवडली की ज्यांच्या कौशल्याविषयी, प्रेमळपणाविषयी व सहनशीलतेविषयी शंका राहू नये.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. या आश्रमाला इंग्रजीत हॉस्पिटल म्हणत, तरी तेथे आजच्यासारखे औषधोपचार नव्हते. कुष्ठरोगावर औषधच नव्हते. हॉस्पिटल या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आसरा, आश्रयस्थान. अन्न, छप्पर, सोबत आणि उपासना, एवढेच देता येत होते, आणि तेवढे दिले गेले.

संत निकोलस मंदिर आजही उभे आहे. त्याची जमीन एका बाजूस उतरती आहे. रोग्यांची उपासना झाल्यावर ती पाण्याने धुऊन काढता यावी म्हणून ती तशी केली, असे तेथे सांगतात. त्याच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस, संत मायकल यांच्या नावाचे दुसरे मंदिर आहे. तेही बाराव्या शतकापासूनचे. ते गावातील निरोगी लोकांसाठी होते. प्रभू एक, शास्त्र एक, प्रार्थनाही एकच. मंदिरे मात्र समोरासमोर दोन. कोणी दुष्टपणाने असे केले असे नाही. रोगाची भीती खरी होती आणि रोग्याविषयीची दयाही खरी होती. या दोन्हींमधून ती दोन मंदिरे उभी राहिली. आपल्या पाठाचा प्रश्न येथेच आहे : दया करतानाही आपण माणसाला रस्त्याच्या पलीकडेच ठेवतो काय?

राजा घोड्यावरून उतरला

२९ डिसेंबर ११७० रोजी आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा कँटरबरीच्या कॅथीड्रलातच खून झाला. मारणारे चार सरदार राजा दुसरा हेन्री याचे होते, आणि राजाच्या संतापाच्या शब्दांनीच ते पेटले होते. जुलै ११७४ मध्ये राजा पश्चात्तापासाठी कँटरबरीस आला. लंडनकडून येणाऱ्याला शहर जवळ आल्याची खूण हार्बलडाउनच्या टेकडीवर मिळते. राजा तेथे घोड्यावरून उतरला, कुष्ठरोग्यांच्या मंदिरात गेला व त्याने प्रार्थना केली. तेथून तो पायी निघाला. पुढे संत डन्स्टन यांच्या मंदिरापाशी त्याने राजवस्त्रे उतरविली आणि अनवाणी कॅथीड्रलपर्यंत गेला. हार्बलडाउनच्या रोग्यांसाठी त्याने दरसाल २० मार्क, म्हणजे १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, लावून दिले.

ज्यांना शहराच्या वेशीत राहता येत नव्हते, त्यांच्या मंदिरात देशाच्या राजाने गुडघे टेकले. पापाची जाणीव झालेल्या माणसाला तेथे जाण्यास लाज वाटली नाही, हे वर्गातील मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

जोडा गेला, घर राहिले

पुढे बेकेट यांच्या कबरेच्या दर्शनास यात्रेकरूंची रीघ लागली. लंडनकडून येणाऱ्यांची वाट हार्बलडाउनवरून. प्रसिद्ध पंडित इरॅस्मस यानेही हा प्रवास केला आणि १५२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संवादात त्याचे वर्णन केले. आश्रमातील एक म्हातारा धावत बाहेर येतो, प्रवाशांवर पवित्र पाणी शिंपडतो, आणि काच बसविलेला जोड्याचा वरचा तुकडा पुढे करतो : हा संत थॉमस यांचा, याचे चुंबन घ्या. इरॅस्मसचा सोबती संतापतो. इरॅस्मसला मात्र त्या म्हाताऱ्याची कीव येते आणि तो त्याला एक नाणे देतो.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकुमाने बेकेट यांची कबर मोडून टाकण्यात आली आणि यात्रा संपल्या. मठही बंद झाले. पण हार्बलडाउनचा आश्रम टिकला. इंग्लंडातून कुष्ठरोग नाहीसा होत गेला, तशी तेथे गरीब वृद्धांची सोय होऊ लागली. १८४० मध्ये घरे नव्याने बांधली गेली, आणि वृद्धांच्या निवासाचे काम पुढे चालू राहिले. ज्या वस्तूची पूजा होत होती ती गेली. जेथे माणसाची सेवा होत होती ती जागा उरली. सुधारणेच्या परंपरेतील आपल्या मंडळ्यांनी यातला पहिला भाग अभिमानाने सांगावा आणि दुसरा भाग विसरू नये.

आपल्या दारी

कुष्ठरोग ही आपल्यासाठी दूरदेशीची गोष्ट नाही. मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय किंवा अचलपूरजवळचे कोठारा येथील काम आपल्यांतील कित्येकांना ठाऊक आहे. १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला, आणि तो देवाचा शाप नव्हे हे शास्त्राने दाखविले. हा रोग आनुवंशिक नाही. बहुतेक माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. १९८० नंतरच्या दशकात अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला. तो मोफत मिळतो, आणि सहा महिने ते एक वर्षात रोग बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून इतरांस लागण होण्याचे भय राहत नाही.

औषध आले, तरी भीती मागे रेंगाळली. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ मध्ये काढण्यात आले. सुखदुःखात, आजारपणात साथ देईन अशी शपथ आपण मंदिरात घेत होतो, आणि कायदा त्याच आजारपणासाठी दार उघडे ठेवत होता. ते कलम काढून टाका, असे मोठ्याने म्हणणारे आपल्यांत किती होते, याचा विचार आपण नम्रपणे करावा.

लूकच्या शुभवर्तमानात दहा रोगी दूर उभे राहून हाक मारतात, आणि प्रभू येशू ती ऐकतो. इब्री लोकांस पत्र लिहिणारा सांगतो की, प्रभूने वेशीबाहेर दुःख सोसले, आणि आपल्यालाही तेथेच बोलावतो. लेवीयाच्या पुस्तकात ज्याला छावणीबाहेर राहावे लागे, त्याच्या शेजारी प्रभू स्वतः जाऊन उभा राहिला, असा याचा अर्थ. म्हणून बाहेरच्या माणसासाठी देणगी पाठविणे चांगले. पण तो रविवारी आपल्याच बाकावर, आपल्याच शेजारी बसला, तर पाठ पुरा झाला असे आम्हांस वाटते.

चर्चेसाठी प्रश्न

१. लॅनफ्रँकने सेवक निवडताना कोणते गुण पाहिले? आपण सेवेसाठी माणसे निवडताना काय पाहतो?
२. आपल्या गावात आज कोणते लोक वेशीबाहेर आहेत? रोगामुळे, गरिबीमुळे, जातीमुळे की वयामुळे?
३. दहांपैकी परत आलेला एक जण शोमरोनी होता. लूकने हे मुद्दाम का नोंदविले असावे?
४. आपल्या मंडळीतील कोणते एक दार या महिन्यात उघडता येईल? एकच ठरवा, आणि पुढील महिन्यात त्याचा वृत्तान्त वर्गात सांगा.