झाडाच्या पोटातील बिऱ्हाडकरू

बुरशी म्हटली की आपल्यापुढे उभे राहते ते पावसाळ्यातील लोणचे, नाही तर शिळी भाकरी. निरोगी, हिरव्यागार पानातही बुरशी नांदते असे सांगितले, तर आमच्या कला शाखेच्या मित्रांचा चटकन विश्वास बसणार नाही. पण प्रयोग सोपा आहे. पानाचा तुकडा स्पिरिट व विरंजक द्रवाने वरून निर्जंतुक करून बशीतील आगारवर ठेवावा. काही दिवसांत कापलेल्या कडांतून बुरशीचे धागे बाहेर पडतात. हीच अंतर्वासी बुरशी होय.

हे बिऱ्हाडकरू झाडाला भाडे कोणते देतात? पनामात कोकोच्या रोपांवर झालेले, २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन याबाबत पाहण्यासारखे आहे. कोकोचे कोवळे पान बुरशीविरहित असते; हवेतील बीजाणू मागाहून त्यात शिरतात. संशोधकांनी काही पानांत ही बुरशी मुद्दाम वसविली, काही तशीच ठेवली आणि दोहोंवर फायटोफ्थोरा हा रोगकारक जीव सोडला. बुरशी असलेली पाने कमी करपली व कमी मेली. हे संरक्षण मुख्यतः त्या त्या पानापुरतेच होते, हे विशेष.

आपल्या सह्याद्रीतील उदाहरण नरक्याचे. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असते. या द्रव्यापासून कर्करोगावरील औषधे बनतात. औषधाचे झाड म्हणून नाव झाले आणि नरक्यावर कुऱ्हाड आली! २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरील नरक्यातील एका बुरशीपासून हेच द्रव्य मिळाल्याचे जाहीर केले. मग झाड तोडायचे कशाला, बुरशीच वाढवावी, असे कोणालाही वाटेल. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. मूळच्या चीनमधील कॅम्प्टोथेका वृक्षातून काढलेली अशीच एक बुरशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविली, तेव्हा द्रव्याचे प्रमाण घटत गेले. त्या रासायनिक साखळीतील एक विकर बुरशीपाशी नसतेच. त्यासाठी तिला झाडाचा आधार लागतो, असे त्या अभ्यासात आढळले. म्हणजे बुरशी मिळाली म्हणून नरक्या तोडण्यास मोकळीक मिळत नाही, उलट तो राखण्याचे आणखी एक कारण मिळते, असे मला वाटते.

हा विषय पुणेकरांना परका नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या व १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहरातील संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथे नळीत जपलेली बुरशी दीर्घकाळ जिवंत राहते. झाडाचा सहवास मात्र तिला नळीत मिळत नाही.