हेरल्ड मोटारीची साठ वर्षे

जुन्या मोटारीचा वर्धापनदिन आला की तिला चकचकीत करून हार घालतात. परंतु यंत्राचा खरा गौरव त्याची रचना समजून घेण्यात आहे. मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कारखान्याने १९६१ साली ‘स्टँडर्ड हेरल्ड’ बनविण्यास आरंभ केला. २०२१ साली त्या घटनेस साठ वर्षे पूर्ण झाली. तिचेच उदाहरण पाहू.

ही मोटार मूळची इंग्लंडातील. तेथे ती १९५९ साली विक्रीस आली. तिचे रूप इटालियन रेखनकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी सिद्ध केले होते. त्या काळी बहुतेक नव्या मोटारींचे अंग एकसंध पत्र्याचे होऊ लागले होते. परंतु अशी अंगे पुरविणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेला. म्हणून हेरल्डसाठी स्वतंत्र पोलादी चौकट योजण्यात आली व निरनिराळ्या ठिकाणी केलेले भाग तिच्यावर बोल्टांनी आवळण्यात आले.

अडचणीतून निघालेली ही युक्ती मद्रासला उपकारक ठरली. एकसंध अंग घडविण्यास प्रचंड दाबयंत्रे लागतात. सुटे भाग मात्र एकेक करून बनविता व जोडता येतात. आयात भागांच्या नुसत्या जुळणीवर न थांबता मोटार देशातच बनवावी, असे सरकारी धोरण १९५३ पासून होते. पुढे हेरल्डचा चार दारांचा प्रकार निघाला, तो केवळ भारतातच.

तिच्या मागच्या चाकांची योजनाही बोधप्रद आहे. प्रत्येक चाकाचा अर्धा आस स्वतंत्रपणे खालीवर होई; त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे फारसे हलत नसे. मात्र जोराने वळताना बाहेरचे चाक आत कलून त्याची रस्त्यावरील पकड कमी होण्याचा संभव असे. शिवाय ही रचना आपल्या कारागिरांच्या परिचयाची नव्हती. म्हणून १९७२ साली हेरल्डवरून केलेल्या ‘गझेल’ मोटारीस सरळ, अखंड आस देण्यात आला. सुधारणा म्हणजे नेहमीच अधिक गुंतागुंत नव्हे.

चेन्नईत २०२३ साली एव्हीएम स्टुडिओच्या आवारात जुन्या मोटारींचे संग्रहालय उघडण्यात आले. अशा कोणत्याही संग्रहालयात हेरल्ड आढळल्यास तिचे बॉनेट उघडून दाखविण्याची विनंती करावी. मडगार्डांसह सबंध पुढचा भाग पुढे कलतो आणि ९४८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन संपूर्ण दृष्टीस पडते. मग स्वतःस विचारावे: हा भाग असाच का केला? या प्रश्नापासूनच यंत्रविद्येचे शिक्षण सुरू होते.