गायीचा ताप, माणसाची गोळी

प्रश्न : गायीला घरचा थर्मामीटर लावला, १०२ भरला. कंबरदुखीसाठी आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी द्यावी का?
– एक पशुपालक, धामणगाव रेल्वे

उत्तर : घाबरू नका, हा ताप नव्हे. आपले ९८.६ गायीला लागू नाही. निरोगी गायीचे तापमान गुदद्वारात साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट भरते. उन्हातून आल्या आल्या मोजाल तर वाढीवच दिसणार. सावलीत बांधा, तासाभराने पुन्हा मोजा.

गोळी मात्र देऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावरात औषध वेगळे वागते, वजनावरून मात्रा काढायचे त्रैराशिक तिथे चालत नाही. शिवाय जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. कारण हे औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध चालते, पण पशुवैद्यकाला विचारूनच. पारा १०३ च्या वर गेला किंवा गाय रवंथ करेनाशी झाली, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा.